दोन वह्या

नवरात्र जवळ आले की बाजारपेठेतल्या जुन्या पेढ्यांवर एक ओळखीची लगबग सुरू होते. वर्षभराची येणी-देणी ताळ्यावर आणायची, राहिलेल्या बाक्या खतावणीतून काढायच्या, गावोगावच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडायचे आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे. हिशेब आता संगणकावर होतो, जीएसटीची विवरणे मुले भरतात. तरी लाल कापडी बांधणीची एक वही पूजेसाठी आणलीच जाते.

याच दिवसांत आणखी एक वही मिटते आणि नवी उघडते. ती धरणाची वही. तिच्यावर कुंकू पडत नाही, पण कालव्याकाठच्या बाजारपेठेचे सारे वर्ष तिच्यावर ठरते. तिचा दिवस 15 ऑक्टोबर. पावसाळा सरला, आता जे साठले तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे, असे धरून त्या दिवशीचा धरणांतील उपयुक्त साठा जलसंपदा खाते हिशेबाला घेते. त्यातून उन्हाने उडून जाणारे पाणी वजा होते. मग गावांचे आणि शहरांचे पिण्याचे पाणी, पुढच्या जुलैपर्यंत पुरेल इतके, बाजूला काढले जाते. उद्योगांचा मंजूर वाटा निघतो. उरेल ते शेतीचे. मग कालवा सल्लागार समितीची बैठक भरते आणि रब्बीला किती आवर्तने, उन्हाळ्यात किती, की मुळीच नाही, हे तिथे ठरते.

2023 साली घटस्थापना आणि 15 ऑक्टोबर एकाच दिवशी आले. वर्षही तसेच होते. एल निनोचा इशारा उन्हाळ्यापासूनच कानावर होता, आणि तो ऑगस्ट महिना 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नगर जिल्ह्यात, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडे, एका बाजाराच्या गावी बियाणे-खतांचे एक जुने दुकान आहे. आजोबांनी भुसाराच्या व्यापारावर मांडलेली ही पेढी. आता साठी ओलांडलेले शेठजी आणि त्यांचा मुलगा ती सांभाळतात. त्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रातले जाहीर प्रकटन शेठजींनी कात्रीने कापले आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवले.

प्रकटनातले शब्द कालव्याकाठच्या माणसांना पाठ असतात. पाण्याची मागणी नमुना नंबर सातच्या अर्जावर करावी. थकबाकी असलेल्यांचे अर्ज मंजूर होणार नाहीत. पाणी उपलब्धतेनुसार मिळेल. उसाची नवी लागवड करू नये. केल्यास आणि पाण्याअभावी नुकसान झाल्यास खाते जबाबदार राहणार नाही. मुलाने ते वाचले आणि म्हणाला, "बाबूजी, हे दरवर्षीच छापतात." शेठजी काही बोलले नाहीत. आठ वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या तोंडी आले होते, आणि त्याची किंमत खतावणीच्या एका पानावर अजून लिहिलेली होती.

ते पान आबांचे. आबा म्हणजे चारीच्या टेलला साडेतीन एकर असलेला शेतकरी. त्यांच्या वडिलांपासूनचे खाते या दुकानात. टेल म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे शेवटचे शेत. शेजपाळीच्या नियमाने पाणी आधी टेलला द्यायचे आणि मग वर सरकत यायचे. पण कालव्यात पाणीच कमी असले की नियम कागदावर राहतो, वरच्या बाऱ्या रात्री उघडतात आणि टेलचा शेतकरी कंदील घेऊन कोरड्या चारीत उभा राहतो. 2015 च्या दिवाळीपूर्वी आबांनी दीड एकर पूर्वहंगामी ऊस लावायचे ठरवले. त्या वर्षीही पाऊस फसला होता, त्या वर्षीही प्रकटन निघाले होते. आबांनी विचारले, "शेठ, पाणी सुटंल का?" शेठजींनी उत्तर दिले, "दरवर्षीच असे लिहितात, आबा." खताच्या गोण्या उधारीवर गाडीत चढल्या. गोदामात माल पडून होता, दिवाळी तोंडावर होती.

त्या वर्षी मात्र प्रकटन खरे ठरले. नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी 12.84 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि कालव्याची आवर्तने आखडली. फेब्रुवारी संपेपर्यंत उसाचे शेंडे पिवळे पडले, मार्चमध्ये तो चाऱ्याच्या भावाने गेला. आबांच्या नावावर 38,400 रुपये राहिले. शेठजींनी त्या आकड्यावर व्याज कधी लावले नाही, आणि तो कधी खोडलाही नाही. दर दिवाळीला तो नव्या वहीत ओढला जाई.

पाणीबंदीच्या आदेशाची ही पहिली अडचण. तो बहुधा अंदाजावर उभा असतो. पुढचा पाऊस जूनमध्ये येईल की जुलै उलटेल, हे ऑक्टोबरात कोणी सांगू शकत नाही, म्हणून खाते वाईटातले वाईट धरून चालते. त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. परंतु टंचाई असो वा नसो, दरवर्षी त्याच शब्दांत तोच इशारा छापला, तर खऱ्या टंचाईच्या वर्षीही तो कोणी मनावर घेत नाही. ज्या दुकानावर बारा महिने 'सवलतीच्या दरात' अशी पाटी असते, तिथे सवलतीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही, तसेच हे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 2023 साली वरच्या धरणांत साठा बरा होता. तरी कालव्याकाठी धास्ती होती, कारण खाली नाथसागर भरला नव्हता.

पैठणच्या नाथसागराची पायाभरणी 1965 साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा 76 टीएमसीच्या वर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2,832 कोटी लिटर. मराठवाड्याची शहरे, उद्योग आणि शेती या जलाशयाकडे डोळे लावून असतात. पण त्याच्या वरच्या अंगाला, गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळा यांवर एकामागून एक धरणे झाली, आणि कमी पावसाच्या वर्षी वरची धरणे भरतात तेव्हा खाली पोहोचायला पाणी उरत नाही. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने टंचाईच्या काळात खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करण्याचे तत्त्व घातले. पुढे मेंढेगिरी समितीने त्याचे गणित मांडले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशेब 65 टक्क्यांच्या खाली असला, तर वरच्या धरणांनी ठरल्या प्रमाणात पाणी सोडायचे. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले.

2023 च्या ऑक्टोबरअखेर आदेश निघाला. एकूण 8.6 टीएमसी, त्यातले 3.36 टीएमसी प्रवरा समूहाच्या वाट्याचे. भंडारदऱ्याच्या धरणात सुमारे 11 टीएमसी मावते. म्हणजे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाणारे पाणी. गावात संताप उसळला. मोर्चे निघाले, निवेदने झाली, आणि दिवाळी आली तरी पाणी सुटले नव्हते. बाजारात जो तो एकच गोष्ट बोलत होता. 1926 साली भंडारदरा बांधून झाले, या पाण्यावर आजा-पणजांनी माळरान फोडले, त्यावर प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आता ते पाणी आमच्या डोळ्यांसमोरून नदीने खाली जाणार, आणि आम्ही नदीतून मोटर चालवली तर गुन्हा. ही तक्रार पोकळ नव्हती. पाणी नदीतून जाते तेव्हा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या पंपांची वीज बंद होते, बंदोबस्त लागतो. कोरड्या वाळूत किती मुरते आणि उथळ, विस्तीर्ण नाथसागरातून किती उडून जाते, हा प्रश्नही खराच.

शेठजी हे सारे ऐकत आणि गप्प राहत. त्यांच्या गप्प राहण्याचे कारण गावाला ठाऊक होते. त्यांची मुलगी जालन्याला दिली होती.

जालना शहराला पाणी येते ते पैठणहून. तिच्या घरी नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येई. फोनवर ती कधी तक्रार करत नसे. पण आईला मुलीच्या बोलण्यातला फरक कळतो. पाणी येण्याच्या दिवशी ती कोठे जात नाही, कोणाला बोलावत नाही, हे आईच्या ध्यानात आले होते. त्या वर्षी 31 ऑक्टोबरला शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या पहिल्या यादीत जालना तालुका होता, प्रवराकाठचा एकही नव्हता. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, अशा सवलती लागू होतात. आबांचा तालुका यादीत नव्हता. म्हणजे मुलीच्या गावी दुष्काळ होता आणि त्याची नोंदही झाली होती. आबांच्या शेतात पाण्याची टंचाई होती, पण यादीत तिची नोंद नव्हती.

भाऊबीजेला मुलगी माहेरी आली. दुकान अर्धे उघडे होते. आबा बाकी विचारायला आणि हरभऱ्याचे बी बघायला आले होते. चहा आला. आबांनी तिला लहानपणापासून पाहिलेले.

"ताई, तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतं?"

"आठ-दहा दिवसांनी, काका."

"म्हंजे आमचं पाणी तुमच्याकडंच चाललंय म्हणायचं."

दुकानात क्षणभर कोणी बोलले नाही. शेठजींनी मान खाली घातली. मुलगीच म्हणाली, "चाललंय खरं, काका. पण जेवढं निघतं तेवढं सगळं आमच्या नळापर्यंत येत नाही. काही वाटेत मुरतं, काही उन्हानं उडतं, काही आमच्याच शहरात फुटक्या नळातून गटारात जातं. तुमची पाळी गेली आणि आमचा हंडाही अर्धाच भरला, असं होतं कधी कधी."

आबा बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "प्यायला पाणी द्यायला कुणाची ना नाही, ताई. लेकीच्या घरी घागर रिकामी ठेवून कुणी उसाला पाणी देत नाही. पण आम्हाला वेळेवर सांगा. किती सोडलं, किती पोचलं, ते सांगा. आणि आमच्याकडून घेतलं त्याची कुठंतरी नोंद ठेवा. आमचं निस्तं गेलं, असं करू नका."

या प्रश्नातले जवळजवळ सारे काही आबांच्या त्या चार वाक्यांत आले आहे. आणि ते समजायला व्यापारी घराला फारसे कष्ट पडू नयेत, कारण ती मागणी हिशेबाची आहे.

ऑक्टोबरात पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी म्हणजे एक प्रकारचा विमा असतो. पुढचा पाऊस लांबला तरी शहर तहानलेले राहू नये, म्हणून घेतलेला विमा. तो किती आवश्यक आहे हे 2016 साली लातूरने शिकवले. मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचवले. शेठजींच्या मुलाने एकदा सहज गणित मांडले होते. एक टीएमसी पाणी अशा गाडीने न्यायचे झाले तर छप्पन्न हजारांहून अधिक खेपा लागतील. धरणातले पाणी वेळेवर राखणे हे रेल्वेने पाणी नेण्यापेक्षा किती शहाणपणाचे आहे, हे त्या आकड्यावरून कळते.

ज्या वर्षी आग लागत नाही, त्या वर्षीचा विम्याचा हप्ता वाया गेला असे कोणताही व्यापारी म्हणत नाही. म्हणून पाऊस वेळेवर आला आणि धरणात राखलेले पाणी शिल्लक उरले, तर ते 'उगाच राखले' असे म्हणणेही बरोबर नाही. पण एक प्रश्न उरतोच, आणि तो व्यापाऱ्यालाच पहिल्यांदा सुचायला हवा. या विम्याचे संरक्षण कोणाला मिळते आणि हप्ता कोण भरतो? संरक्षण शहराला, कारखान्याला, पेठेला. हप्ता मात्र जवळजवळ एकटा शेतकरी भरतो, आणि त्यातही टेलचा शेतकरी सर्वांत जास्त. राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती त्याच्या मागे होती. 2011 मध्ये तो क्रम बदलून शेतीला उद्योगाच्या पुढे आणले. कागदावर हे झाले. परंतु कपातीची वेळ येते तेव्हा शेतीची पाळी एका प्रकटनाने थांबते. उद्योगाच्या पाण्याला हात लावायला 2016 च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला, तेव्हा मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात झाली.

निर्बंध असू नयेत असे कालव्याकाठचा जुना माणूस म्हणत नाही. निर्बंध या भूमीला नवे नाहीत. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर शेकडो वर्षे फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, प्रत्येक फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असले की पंच ठरवत की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. फड कोरडा राही, पण त्यात सर्वांचीच थोडी थोडी जमीन असे. म्हणून तूटही सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी येई. बंदी तिथेही होती, पण ती सगळ्यांची होती. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने दिले, भूमिहीनालाही त्यात हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. ऊस लावायचा नाही हा कठोर निर्बंध शेतकऱ्यांनी मानला, कारण शेजारीही तो लावणार नव्हता.

या दोन्ही ठिकाणी निर्बंध टिकला तो पोलिसांच्या धाकाने टिकला नाही. तूट किती, ती कोणाच्या वाट्याला किती आली आणि का आली, हे सर्वांना दिसत होते. कालव्याच्या आजच्या व्यवस्थेत नेमके तेच दिसत नाही. धरणाची वही असते, तिच्यात आकडेही असतात, परंतु आबांच्या चारीपर्यंत तिचे पान पोहोचत नाही. तिथे पोहोचते फक्त कोरडी चारी.

त्या भाऊबीजेच्या संध्याकाळी, आबा गेल्यावर, दुकानात बाप-लेकांची बोलणी झाली. आबांनी गव्हाचे बी मागितले नव्हते, पण त्या आठवड्यात मागणारे दहा जण येऊन गेले होते. गव्हाला पाच-सहा पाणी लागते. हरभरा एक-दोन पाण्यावर येतो. गव्हाबरोबर खताच्या गोण्या खपतात, हरभऱ्याबरोबर फारशा खपत नाहीत. शेठजी म्हणाले, "यंदा टेलच्या माणसाला गहू आपण होऊन सुचवायचा नाही. प्रकटन त्याला वाचून दाखवायचे. मग तो मागेल ते द्यायचे."

मुलगा म्हणाला, "बाबूजी, आपण काही सरकार नाही. आपण विकायला बसलो आहोत. समोरच्या दुकानातून तो नेईलच."

"नेऊ दे," शेठजी म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी मी वाचून दाखवले नव्हते. आबांच्या पानावर जी बाकी आहे, ती सगळी आबांची नाही."

मुलाने ते पान तोपर्यंत शेकडो वेळा पाहिले असेल; वडिलांच्या बाजूने ते त्याने कधी वाचले नव्हते. तो पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरचे प्रकटन काउंटरवर आले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'दिग्विजय' हरभऱ्याच्या पिशव्या पुढे मांडल्या गेल्या. ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांनी गहू नेला, आणि ते योग्यच होते. काही जण खरोखरच समोरच्या दुकानात गेले. त्या रब्बीत दुकानाची विक्री घटली, हे लपवण्याचे कारण नाही. पण उन्हाळ्यात वसुलीला फिरताना मुलाला एक गोष्ट जाणवली. घटलेल्या विक्रीबरोबर बुडणारी उधारीही घटली होती. ज्याच्या घरात चार पोती हरभरा आला, तो नजर चुकवत नव्हता.

आबांना त्या हंगामात कालव्याचे एकच पाणी मिळाले. दीड एकरात हरभरा बेताचाच झाला. एप्रिलमध्ये ते दुकानात आले आणि त्यांनी 6,000 रुपये गल्ल्यावर ठेवले, जुन्या बाकीतले. शेठजींनी ते जमा केले, आणि त्याच पानावर उरलेल्या बाकीतले निम्मे स्वतःच्या हाताने नुकसान खाती टाकले. आबांनी विचारले, "हे कशाचं, शेठ?" शेठजी म्हणाले, "पंधरा सालच्या माझ्या वाट्याचे." आबांनी बराच वेळ टोपी हातात धरून ठेवली. मग काही न बोलता ती डोक्यावर घातली आणि ते निघाले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. 2024 च्या सप्टेंबरात नाथसागर भरला आणि त्याचे दरवाजे उघडावे लागले. जालन्याहून मुलीचा फोन आला. कालव्याकाठी पुन्हा ऊस उभा राहिला. अशा वर्षी मागचे सारे विसरायला होते, आणि नेमकी तीच वेळ असते हिशेब नीट लिहून ठेवण्याची. भरलेल्या धरणाच्या वर्षी कोणी विचारत नाही की मागच्या वर्षी किती पाणी सोडले, किती पोहोचले, कोणाच्या किती पाळ्या गेल्या आणि त्याबद्दल त्यांना काय मिळाले. आकडे शिळे होतात, आणि पुढच्या टंचाईला पुन्हा तेच प्रकटन त्याच शब्दांत निघते.

व्यापारी घराण्यांना या बाबतीत अंग झटकता येणार नाही. कालव्याकाठच्या पेठा धरणाच्या पाण्यावर वाढल्या. शेतकऱ्याच्या पाळीवर कापडाचे दुकान चालते, सराफी चालते, मुलांची शिक्षणे होतात. त्याच घराण्यांच्या लेकी खालच्या शहरांत नांदतात, त्यांचे कारखाने त्याच नदीच्या पाण्यावर चालतात. नदीच्या वरच्या आणि खालच्या काठाला एकाच वेळी ओळखणारी माणसे फार थोडी असतात. पेठेतली घरे त्यांत आहेत. ऑक्टोबरातले प्रकटन गिऱ्हाइकाला वाचून दाखवणे, टंचाईच्या वर्षी कमी पाण्याचे बियाणे पुढे मांडणे, पाळी गेलेल्याची बाकी बिनव्याजी पुढे ओढणे, आणि खालच्या शहरातल्या कारखान्यात वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, यांतल्या कोणत्याही गोष्टीला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि जे शासनानेच करायचे, वेळेवर सांगणे, मोजून सोडणे, किती पोहोचले ते जाहीर करणे, ज्याची पाळी घेतली त्याची भरपाई करणे, ते मागण्यासाठी तालुक्याच्या कचेरीत शेतकऱ्याशेजारी एखादा व्यापारीही उभा राहिला, तर त्या मागणीचे वजन वाढते.

2024 च्या लक्ष्मीपूजनाला त्या दुकानात नेहमीप्रमाणे लाल वही आली. मुलाने पहिल्या पानावर स्वस्तिक काढले. मग शेठजींनी वही मागून घेतली, शेवटचे पान उघडले आणि त्यावर 15 ऑक्टोबरची तारीख घालून भंडारदरा, निळवंडे, मुळा आणि जायकवाडी या चार धरणांची नावे एकाखाली एक लिहिली. समोर त्या दिवशीचे आकडे लिहिले. पूजेला बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, ही धरणे आपली गिऱ्हाईक आहेत का?"

"नाही," शेठजी म्हणाले. "आपण त्यांचे देणेकरी आहोत. म्हणून नोंद आपल्याच वहीत हवी."